वंशावळीतील रिकामी जागा : छत्तीसगडातील मराठी घराण्यांचा मागोवा

१

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग वैनगंगा ओलांडतो, गोंदिया मागे टाकतो, दरेकशाच्या डोंगरातून डोंगरगडास उतरतो आणि राजनांदगाव सोडल्यावर, दुर्ग गाठण्यापूर्वी, रसमडा नावाच्या लहान ठाण्यापाशी येतो. आज रसमड्याची ओळख भिलाई-दुर्गच्या औद्योगिक विस्तारातील एक गाव एवढीच आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मिरवणारे हे नाव नव्हे. तथापि ज्या दिशेच्या वाटेवर हे गाव वसले आहे, त्या दिशेने मराठी माणसे पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ जात राहिली. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली छत्तीसगडात शिरल्या आणि दुर्ग हे त्यांचे ठाणे झाले. १७५८ मध्ये पहिल्या रघूजींचे धाकटे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहावयास गेले. १८८२ मध्ये नागपूरकडून रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद करून पूर्वेस नेली. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी पेटली.

प्रथम तलवार, मग लेखणी, मग रेल्वेची नोकरी आणि शेवटी पोलाद, अशा चार निमित्तांनी ही वाट चालती राहिली. या वाटेने गेलेल्या घराण्यांच्या आज सातव्या-आठव्या पिढ्या तिकडे नांदत असावयास हरकत नाही. त्यांपैकी एखाद्याने आपला मूळपुरुष कोण, तो कोठून निघाला आणि कोणत्या कारणाने येथे थांबला, याचा शोध घ्यावयाचे ठरविले तर त्याच्या हाती काय लागते, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. वस्तुतः तो इतिहासलेखनाच्या पद्धतीचा प्रश्न आहे. स्थिर राहिलेल्या घराण्याची वंशावळ सांगणे तितकेसे अवघड नसते. वतनाचा कागद, गावचे देऊळ आणि शेताचा बांध हे तिन्ही साक्षीदार एकाच जागी उभे असतात. घराणे हलले की हे साक्षीदार मागे राहतात. म्हणून स्थलांतरित घराण्याच्या वंशावळीत जी जागा सर्वांत महत्त्वाची, नेमकी तीच सर्वांत अंधारी असते.

२

ही अडचण केवळ मराठी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडातून अमेरिकेच्या वसाहतींत गेलेल्या घराण्यांनी तिचा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला आहे आणि तिच्यातून वंशशोधाचे एक शिस्तबद्ध शास्त्रच उभे केले आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी गेले. त्यानंतरच्या वीस वर्षांत न्यू इंग्लंडात सुमारे वीस हजार माणसे उतरली. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम होता. अमेरिकेतही नगरांच्या आणि चर्चच्या नोंदी होत्या. दोन्ही तीरांवर कागद होता. प्रश्न असे तो मधल्या समुद्राचा. इकडच्या नोंदीतला जॉन आणि तिकडच्या नोंदीतला जॉन एकच, हे कोणत्या आधाराने म्हणावयाचे? १८४५ मध्ये बोस्टन येथे वंशशोधासाठी संस्था निघाली आणि १८४७ पासून तिचे नियतकालिक सुरू झाले, ते बहुतांशी याच एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.

या शोधाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याचे होय. १७९१ मध्ये इंग्लंडच्या राजवंशावळीकारांचे प्रमुख आयझॅक हर्ड यांनी अध्यक्ष वॉशिंग्टन यांना पत्र पाठवून त्यांच्या पूर्वजांची माहिती विचारली. वॉशिंग्टन यांनी दुसऱ्या वर्षी उत्तर दिले. धामधुमीच्या आयुष्यात या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे सांगून त्यांनी जवळ होती तेवढी माहिती कळविली. त्यांचे पणजोबा जॉन हे आपल्या लॉरेन्स नावाच्या भावासह सतराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियात आले होते. हर्ड यांना नॉर्थॅम्प्टनशायरमधील सल्ग्रेव्ह येथील वॉशिंग्टन घराण्यात जॉन आणि लॉरेन्स याच नावांचे दोन भाऊ सापडले. नावे जुळली, काळ साधारण जुळला, आणि वंशावळ तयार झाली. पुढे पाऊणशे वर्षे ती प्रमाण मानली गेली.

१८६६ मध्ये जोसेफ चेस्टर या अमेरिकन संशोधकाने लंडनमधील दप्तरे तपासून दाखविले, की सल्ग्रेव्हच्या शाखेतील जॉन हा सर किताबाचा सरदार होता आणि लॉरेन्स हा धर्मोपदेशक. ही माणसे व्हर्जिनियात गेलेली नव्हेत. वंशावळ कोसळली. तिच्या जागी चेस्टर यांनी घाईने दुसरी वंशावळ प्रतिष्ठापिली नाही, हे त्यांचे खरे मोठेपण. ती जागा तेवीस वर्षे रिकामीच राहिली. १८८९ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांना ट्रिंग या गावाशी संबंधित एका मृत्युपत्राचा आणि वारसाधिकाराच्या नोंदींचा आधार मिळाला व उलगडा झाला. व्हर्जिनियात गेलेले दोघे भाऊ हे सल्ग्रेव्हच्या शाखेतील त्या धर्मोपदेशक लॉरेन्सचेच मुलगे होते. हर्ड यांनी बाप आणि काका यांनाच मुलगे समजून एक पिढी गाळली होती.

या प्रकरणातील दोन गोष्टी ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की नावाचे साम्य हा पुरावा नव्हे. तो शोधाचा आरंभ होय, शेवट नव्हे. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. ज्या मृत्युपत्राने हा दुवा जुळला ते वॉशिंग्टन आडनावाच्या माणसाचे नव्हतेच. ते त्या मुलांच्या आईकडील नात्यातल्या एका गृहस्थाचे होते. म्हणजे पुरुषांची अखंड साखळी दाखविणाऱ्या त्या तक्त्यातला हरवलेला दुवा अखेर एका स्त्रीच्या बाजूने सापडला. अॅम्फिलिस हे तिचे नाव.

३

आता मराठी उदाहरणाकडे वळावे. छत्तीसगडात गेलेल्या मराठी घराण्यांपैकी ज्याचे कागद सर्वांत विपुल, असे घराणे अर्थातच नागपूरकर भोसल्यांचे. त्यांचे मूळ ठाणे पुणे प्रांतातील हिंगणी. त्यावरून त्यांना हिंगणीकर भोसले म्हणत. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून दक्षिणेत आले तेव्हा परसोजी भोसले त्यांना येऊन मिळाले आणि सेनासाहेबसुभा हा किताब त्यांच्या घराण्यात आला. पुढे वऱ्हाडातील भाम, नंतर नागपूर आणि बिंबाजींबरोबर रतनपूर, अशी या घराण्याची पूर्वेकडील पावले सरळ मोजता येतात. दुसऱ्या एका भोसले घराण्याने दक्षिणेस तंजावरात राज्य केले. तेथे दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये आपल्या वंशाचे चरित्र बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविले. मूळ भूमीपासून दूर गेलेल्या राजघराण्याला आपण कोण हे दगडावर लिहून ठेवावेसे वाटले, यात आश्चर्य नाही. जो घरीच असतो त्याला घराचा पत्ता भिंतीवर लिहावा लागत नाही.

परंतु एवढी साधने असूनही, नावांच्या साम्याचा मोह येथेही सुटलेला नाही. हिंगणीकर भोसले आणि सातारकर भोसले यांचे नाते नेमके कोणत्या पिढीत जुळते, याविषयी बखरींत आणि इतिहासकारांत एकवाक्यता नाही. भोसले घराण्याचा मेवाडच्या सिसोदियांशी जोडला जाणारा संबंध हाही असाच वादाचा विषय राहिला आहे. या दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट समान आहे. वंशावळ जिथे निःसंशय आहे तिथे तिची कुणाला गरज भासत नाही, आणि जिथे राज्याभिषेक, दत्तकविधान अथवा वारसा यांसाठी तिची निकड भासते, तिथे ती पूर्ण करण्याची घाई होते. वंशावळीचा प्रत्येक तक्ता कुणाच्या तरी निकडीने लिहिलेला असतो. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर इंग्रज रेसिडेंटाच्या अमदानीत लिहिली गेली, ही गोष्ट ती वाचताना दृष्टिआड करता येत नाही.

रतनपूरच्या शाखेचे पुढे काय झाले? बिंबाजी १७८७ मध्ये वारले. सुभा त्यांचे पुतणे व्यंकोजी यांच्याकडे गेला, आणि व्यंकोजींनी रतनपुरास घर न करता नागपुराहूनच सुभेदारांकरवी कारभार चालविला. म्हणजे जे घराणे कागदावर सर्वांत ठळक, त्याचा छत्तीसगडातील मुक्काम तीस वर्षांत आटोपला. मागे राहिली ती त्यांच्याबरोबर आलेली माणसे. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० च्या सुमारास मुलुखाचे २७ परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार, फडणीस, वऱ्हाडपांडे असे कामगार नेमले. १८१८ मध्ये कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला आणि मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले; १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला; तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारल्यावर दुसऱ्याच वर्षी राज्य खालसा झाले. सुभेदार बदलले, धनी बदलले. फडावर बसून मोडीत जमाखर्च लिहिणारा कारकून मात्र बऱ्याच अंशी तिथेच राहिला. इतिहासाने राजाची वंशावळ जपली आणि भूमीने कारकुनाचा वंश. छत्तीसगडातील मराठी घराण्यांचा मागोवा घेणाऱ्याची अर्धी अडचण या एका विसंगतीत सामावली आहे.

४

या कारकुनाच्या वंशजाने शोध कोठून सुरू करावा? त्याच्याजवळ साधारणतः चार खुणा असतात : आडनाव, गोत्र, कुलदैवत आणि मूळ गावाची आठवण.

आडनाव ही सर्वांत फसवी खूण. देशपांडे, कुलकर्णी, फडणीस ही आडनावे हुद्द्यांची. ती शेकडो असंबद्ध घराण्यांत आढळतात, आणि नव्या मुलुखात नवा हुद्दा मिळाला की जुने आडनाव लोपणेही अशक्य नसते. ‘कर’ प्रत्ययाची आडनावे गावाकडे बोट दाखवितात खरी, पण बोट कोणत्या गावाकडे? चिंचोलकर म्हणजे चिंचोलीचा. आणि चिंचोली नावाची गावे विदर्भ-मराठवाड्यात किती आहेत, हे नकाशा उघडणाऱ्यास लगेच कळते. वॉशिंग्टन हेही मुळात इंग्लंडातील डरहॅम परगण्यातील एका गावाचेच नाव, आणि त्या नावाचे सर्वजण एकाच बापाचे हे गृहीत धरणे किती महागात पडते ते वर आलेच आहे.

गोत्र ही खूण त्याहून स्थूल. ती नाकारण्यास उपयोगी पडते, सिद्ध करण्यास नाही. दोन घराण्यांची गोत्रे भिन्न असतील तर ती एका पुरुषाची नव्हेत, एवढे बहुधा म्हणता येते. गोत्र एक असेल तर काहीच म्हणता येत नाही. कुलदैवत ही खूण मात्र अधिक बोलकी आहे, कारण ती भूगोलाशी बांधलेली असते. कोकणातील एखादी ग्रामदेवता ज्या घराच्या देव्हाऱ्यात दुर्ग जिल्ह्यातही पुजली जाते, त्या घराने कोणता घाट चढून देशावर पाऊल ठेवले असावे, याचा अदमास बांधता येतो. आणि ही खूण जपली कोणी, हे पाहू गेल्यास उत्तर पुन्हा तेच येते : ओटी भरणाऱ्या, बोडण घालणाऱ्या, नवरात्राचा कुळाचार सुनेच्या हाती सोपविणाऱ्या स्त्रियांनी. वंशावळीत ज्यांना नाव नाही, त्यांच्या स्मरणावर वंशावळीचा सर्वांत भरवशाचा पुरावा उभा असतो.

या चार खुणा म्हणजे दिशा होत. दुवा जुळवावयाचा तो कागदानेच. असा कागद मराठी परंपरेत आहे, आणि तो एका अर्थी इंग्रजी धर्मग्रामाच्या नोंदीहूनही श्रीमंत आहे. त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा तो कागद. यात्रेस आलेला यजमान आपले नाव, बापाचे आणि आजाचे नाव, भाऊ, मुलगे, मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम लिहून देतो, बहुधा स्वतःच्या हाताने. इंग्रजी नोंदवहीत बाप्तिस्मा होतो त्या गावापुरते माणूस दिसते. ते गाव सोडून गेले की नोंद आंधळी होते. तीर्थोपाध्यायाच्या वहीचे तसे नाही. तेथे यजमान चालत येतो, आणि येताना जुना गाव व नवा मुक्काम हे दोन्ही आपल्याबरोबर आणतो. जो समुद्र ओलांडण्यासाठी अमेरिकन संशोधकास मृत्युपत्रे धुंडाळावी लागली, तो समुद्र या वहीच्या एका पानावर ओलांडलेला सापडू शकतो. वहीतले अक्षर पणजोबांचे निघाले तर शोध घेणाऱ्यास आनंद होईलच; परंतु संशोधनाच्या दृष्टीने त्या अक्षराहून ‘मूळ’ आणि ‘हल्ली’ या दोन शब्दांखाली लिहिलेल्या गावांचे मोल अधिक.

तथापि येथेही एक खाच आहे. छत्तीसगडात स्थिरावलेल्या घराण्याला त्र्यंबकाहून प्रयाग आणि गया ही क्षेत्रे जवळची. महानदीकाठचे राजिम तर घरचेच. त्यामुळे एका क्षेत्राच्या वहीत नोंद थांबली म्हणजे वंश थांबला, असा निष्कर्ष काढता येत नाही. यात्रेची वाट बदलली असेल. निरनिराळ्या क्षेत्रांतील वह्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या घराण्यांचा प्रवास उलगडावयाचा नाही.

दुसरे साधन दप्तरांचे. नागपूरचा भोसल्यांचा जुना वाडा १८६४ मध्ये जळाला, हे या प्रांताच्या इतिहासाचे दुर्दैव. परंतु त्याच दशकात मध्यप्रांतात जमीनमहसुलाची पहिली मोठी व्यवस्था लागली. बिलासपूरचा चिशोल्म यांचा अहवाल १८६८ चा, रायपूरचा ह्युइट यांचा १८६९ चा. त्या वेळी गावोगावच्या मालगुजारांचे हक्क नोंदले गेले. परगण्याच्या फडावर बसणाऱ्या ज्या घराण्यांनी गावे मिळविली होती, ती या कागदांत प्रथमच खातेदार म्हणून उभी राहतात. येथून मागे जावयाचे तर मोडी वाचता आली पाहिजे. आणि मोडी शाळांतून गेल्याला आता अनेक दशके लोटली. ज्या लिपीत पूर्वजाने आपले नाव लिहिले ती वंशजाला वाचता येत नाही, ही अवस्था समुद्रापलीकडे गेलेल्या इंग्रजावरही या स्वरूपात ओढवली नव्हती.

५

या शोधांचे फळ ज्या वाङ्मयप्रकारात साठविले गेले, तो कुलवृत्तांत. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि कागद जमविण्याचे जे वेड महाराष्ट्रास लागले त्याचीच ही घरगुती शाखा म्हणावयास हरकत नाही. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांचे, अनेक कुलवृत्तांत निघाले. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटर्सन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात महाराष्ट्राच्या सामाजिक परिवर्तनाचे साधन म्हणून त्यांचा विचार केला. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेल्या ग्रंथाला समाजशास्त्राच्या दालनात जागा मिळाली. मराठी समीक्षेने मात्र या वाङ्मयाकडे पाहिलेच नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कुलवृत्तांताचे गुण उघड आहेत. त्यात शेकडो माणसांनी टपालाने पाठविलेली माहिती एकत्र येते. गरीब भिक्षुक आणि श्रीमंत वकील एकाच तक्त्यात शेजारी बसतात. कोण कोठे गेला याची नोंद राहते. दोषही तितकेच उघड आहेत. पहिला दोष, त्यात कन्या लग्नाबरोबर नाहीशी होते. पुष्कळदा तिचे माहेरचे नावच तेवढे उरते. दुसरा दोष, मूळपुरुषाकडे पोहोचण्याची ओढ एवढी असते, की मधल्या एखाद्या पिढीचा पत्ता लागत नसला तरी ‘यांचा संबंध अमुक शाखेशी असावा’ असे म्हणून रेघ ओढली जाते. ‘असावा’ पुढल्या आवृत्तीत ‘आहे’ होतो. तिसरा दोष परप्रांती शाखेविषयीचा. मूळ गावापासून जितके दूर जावे तितकी नोंद त्रोटक होत जाते. पुण्यातील शाखेला चरित्रे, छायाचित्रे आणि आख्यायिका. रायपूर-दुर्गच्या शाखेला नाव, जन्मसाल आणि ‘तिकडेच स्थायिक’ हे दोन शब्द.

हे ‘तिकडे’ म्हणजे कोठे, आणि ते ‘तिकडे’ केव्हा झाले? १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यकारभाराखाली होते, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे होते. राजधानी नागपूरच. रसमड्याहून नागपुरास कामाला जाणारा मनुष्य आपल्याच प्रांताच्या मुख्य शहरी जात असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. माणसे जागची हलली नाहीत. सीमा त्यांच्या मधून गेली. कुलवृत्तांतात जो ‘परप्रांती’ म्हणून नोंदला जातो, त्याच्या पणजोबाने कदाचित प्रांत सोडलाच नव्हता. हा फरक नोंदविण्याइतकी दृष्टी त्या तक्त्यास नसते. भिलाईस आलेला पोलादाचा कामगार मात्र याच सुमारास, सीमा ओलांडून, आला. तो आणि फडाच्या कारकुनाचा वंशज आता एकाच ओळीत ‘भिलाईकडील मराठी’ म्हणून बसतात. एकाच्या मागे दोनशे वर्षे आहेत, दुसऱ्याच्या मागे नोकरीचा हुकूम. दोघांचा इतिहास भिन्न कागदांत शोधावयास हवा.

६

शेवटी प्रश्न उरतो तो या शोधाच्या प्रयोजनाचा. वंश म्हणजे केवळ रक्ताची परंपरा नव्हे. घराण्याबरोबर भाषाही प्रवास करते आणि वाटेत तिचे रूप पालटते. माधवराव सप्रे यांचे घराणे मूळ कोकणातले. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला, शिक्षण बिलासपूर-रायपुराकडे झाले. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामनराव लाखे हे प्रकाशक. तीन मराठी आडनावे, आणि पत्र हिंदी. पुढे सप्रे यांनी दासबोध, टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ हिंदीत नेला. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२६ मध्ये ते रायपुरास वारले. सप्रे कुळाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी एक चौकट असेल. ती चौकट सांगते की ते कोणाचे पुत्र. समर्थांचा ग्रंथ हिंदी वाचकाच्या हाती देऊन त्यांनी जी दुसरी वंशवेल लावली, तिला तक्त्यात स्थान नाही.

रसमड्याच्या पश्चिमेस लगतच असलेल्या राजनांदगावात याहूनही बोलके उदाहरण सापडते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तेथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९६४ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत तेथेच नोकरीत होते. ग्वाल्हेर संस्थानात स्थिरावलेल्या मराठी घराण्यातला हा पुरुष आधुनिक हिंदी काव्याचा एक आधारस्तंभ झाला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात राहून मराठीत कविता आणि समीक्षा लिहीत होते. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथास १९७९ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आईबाप एक, घर एक, आणि दोन भाऊ दोन साहित्यांत. वंशावळीच्या तक्त्यात ही दोन नावे एका आडव्या रेघेवर शेजारी येतील. वाङ्मयेतिहासात ती दोन निरनिराळ्या ग्रंथांत, एकमेकांना पाठ करून उभी आहेत. छत्तीसगडातील मराठी घराण्यांचा मागोवा केवळ मराठी ग्रंथांतून घेतला तर निम्मा घराणेच हाती लागेल. उरलेला निम्मा हिंदीत आहे, आणि छत्तीसगडीच्या बोलण्यातही आहे.

म्हणून या प्रकारच्या शोधाचे दोन नियम सांगावेसे वाटतात. पहिला असा, की वंशावळ मूळपुरुषापासून खाली न उतरता हयात माणसापासून वर चढावी, एकेक पायरी कागदाने पक्की करीत. आणि चढताना आईची, आजीची, कुळाचाराची साक्ष बापाच्या साक्षीइतकीच मोलाची मानावी. हिंगणी किंवा कोकणातील गाव गाठण्याची घाई झालेला मनुष्य हर्ड यांच्याप्रमाणे एखादी पिढी गाळतो आणि बापालाच मुलगा ठरवून मोकळा होतो. दुसरा नियम त्याहून कठीण. ज्या ठिकाणी कागद संपतो त्या ठिकाणी रेघ ओढू नये. तेवीस वर्षे रिकामी राहिलेली ती जागा वॉशिंग्टन घराण्याच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक पान होते. ती रिकामी होती म्हणूनच पुढच्या संशोधकाला तेथे काही शोधावयाचे आहे हे कळले. खोट्या दुव्याने भरलेली जागा कुणी पुन्हा शोधावयास जात नाही.

फडावरचा कारकून छत्तीसगडात कोणत्या साली उतरला, हे पुष्कळ घरांना कधीच कळावयाचे नाही. त्याने काही बिघडत नाही. त्याचा जमाखर्च मोडीत आहे, त्याचे दैवत देव्हाऱ्यात आहे, त्याच्या नातवाची भाषा दुहेरी आहे. एवढ्यावर एका घराण्याचा खरा इतिहास लिहिता येतो. मधल्या रिकाम्या जागेत एक आडवी तुटक रेघ ठेवावी आणि तिच्याखाली काही लिहू नये.